प्रस्तावना : केंद्र सरकारची प्रकाशने आणि कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय

जोतीराव फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात पुण्याहून हंटर शिक्षण आयोगाला पाठवलेले निवेदन महाराष्ट्रात सुपरिचित आहे. सरकारी महसूल रयतेच्या घामातून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, हे त्यातले म्हणणे अनेक पुस्तकांत उद्धृत झाले आहे. आयोगाच्या छापील कागदपत्रांत हे निवेदन आहे ते मुंबई प्रांतिक समितीपुढील साक्षीपुराव्यांच्या दुसऱ्या खंडात, आणि हा खंड १८८४ साली कलकत्त्याला निघाला. ग्रंथालयाच्या तालिकेत ‘फुले’ या नावाखाली हात घालणाऱ्याला तो मिळत नाही. त्याची नोंद ‘भारत’ या शीर्षाखाली आणि त्यातही ‘शिक्षण आयोग’ या पोटशीर्षाखाली असते.

सरकारी प्रकाशनांच्या शोधातली बहुतेक अडचण या एका गोष्टीत आहे. कादंबरी लेखकाच्या नावाने शोधता येते, कोश विषयाने शोधता येतो. सरकारी अहवाल एखाद्या कचेरीने काढलेला असतो आणि तालिकाकाराच्या लेखी ती कचेरी हीच त्याची लेखक असते. कोणता कागद कोणत्या खात्याने, कोणत्या कायद्याखाली, कोणत्या प्रसंगी काढला हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो अर्ध्या तासात मिळतो. ज्याला ठाऊक नाही तो विषयवार नोंदी चाळत दिवस घालवतो आणि ग्रंथालयात काही नाही असे समजून परततो. म्हणून अशा शोधाची तयारी सरकारच्या रचनेपासून करावी लागते, ग्रंथालयाची पायरी त्यानंतर.

केंद्र सरकारच्या जुन्या छापील कागदांसाठी कोलकात्याला जावे लागते, त्याला इतिहास आहे. राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ ला झाली. तोवर हिंदुस्थान सरकार कलकत्त्यात होते आणि त्याचा छापखानाही तिथेच होता. ‘सुपरिंटेंडंट, गव्हर्नमेंट प्रिंटिंग, इंडिया’ हे नाव आणि ८, हेस्टिंग्ज स्ट्रीट हा पत्ता त्या काळच्या कितीतरी अहवालांच्या मुखपृष्ठावर आढळतो. राजधानी गेल्यावरही प्रकाशनाचे काम लगेच हलले नाही. १९२० नंतरच्या दशकातली पुस्तके ‘सेंट्रल पब्लिकेशन ब्रँच, कलकत्ता’ या नावाने निघत राहिली आणि त्यानंतर कुठे ‘मॅनेजर ऑफ पब्लिकेशन्स, दिल्ली’ हे नाव दिसू लागले. हेस्टिंग्ज स्ट्रीटचे नाव पुढे किरण शंकर रॉय रोड झाले. भारत सरकारच्या प्रकाशनांचा विक्री डेपो त्याच रस्त्यावर, त्याच ८ क्रमांकावर होता. २०१७ साली केंद्राने आपले सतरा छापखाने पाचांत विलीन करायचे ठरवले, तेव्हा दिल्लीतले तीन आणि नाशिकचा एक यांच्याबरोबर कोलकात्याच्या टेंपल स्ट्रीटवरचा छापखाना राखला गेला.

ग्रंथालयाचा जन्मही सरकारी कचेऱ्यांच्या पोटातला आहे. १८९१ साली कलकत्त्यातल्या निरनिराळ्या सचिवालयांची ग्रंथालये एकत्र करून इंपीरियल लायब्ररी उभी झाली आणि तिचा वापर मुख्यतः अधिकाऱ्यांपुरता राहिला. १८३६ पासून चालत आलेली कलकत्ता पब्लिक लायब्ररी लॉर्ड कर्झनने तिच्यात मिळवली आणि ३० जानेवारी १९०३ ला मेटकाफ हॉलमध्ये ती लोकांसाठी खुली केली. १९४८ च्या कायद्याने तिचे नाव राष्ट्रीय ग्रंथालय झाले. अलिपूरच्या बेल्व्हेडियर वाड्यात १ फेब्रुवारी १९५३ ला मौलाना आझाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. वाचनकक्ष आता त्याच आवारातल्या भाषा भवनात आहेत. सचिवालयांचे जुने संग्रह पायाशी असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी प्रकाशनांत हे ग्रंथालय इतके भरलेले आहे. नंतरची भर मुख्यतः कायद्याने पडली. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे देशातल्या प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत त्याची एक प्रत स्वखर्चाने इथे पोचवायची असते. मुंबईतले एशियाटिक सोसायटीच्या वास्तूतले मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमरा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांनाही अशीच प्रत जाते. कायदा सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे, पण ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असा शिक्का असलेली पुस्तके त्यातून वगळली आहेत. कसूर करणाऱ्याला दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाला कोणी भीत नाही, सरकारी खाती तर नाहीच. म्हणून स्वातंत्र्योत्तर काळातला एखादा अहवाल इथे नसला तर तो निघालाच नाही असे धरून चालू नये.

अभिलेख आणि प्रकाशन यांतला फरक आधीच मनाशी पक्का करावा. खात्याच्या फायली, टिपणे, पत्रव्यवहार हे अभिलेख. त्यांची जागा नवी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार. तेही १८९१ साली कलकत्त्यातच इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट म्हणून सुरू झाले आणि पुढे दिल्लीला गेले. छापून वाटलेला किंवा विकलेला कागद हे प्रकाशन, आणि ते ग्रंथालयात असते. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्ताबद्दल कलेक्टरने वर पाठवलेले पत्र बेल्व्हेडियरमध्ये मागून उपयोग नाही. त्या काळच्या प्लेग आयोगाचा अहवाल मात्र तिथे मागावा. केंद्र आणि प्रांत यांचीही गल्लत होते. मुंबई इलाख्याचे कॅम्पबेलने संपादलेले गॅझेटियर मुंबई सरकारचे, मुंबईतच छापलेले. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड हिंदुस्थान सरकारचा, १९०५ साली कलकत्त्यात छापलेला. दोन्ही ग्रंथ महाराष्ट्राबद्दलच आहेत, पण तालिकेत एक ‘मुंबई’खाली जातो आणि दुसरा ‘भारत’खाली.

शीर्ष ठरवताना लोकांच्या तोंडी असलेली नावे फसवतात. मंडल आयोग, रौलट समिती, फाजल अली आयोग, महाजन आयोग ही अध्यक्षांची नावे. मुखपृष्ठावर ती मोठ्या अक्षरांत नसतात. मंडल अहवाल ‘भारत. मागासवर्ग आयोग’ या शीर्षाखाली शोधावा, आणि त्याच नावाचा आधीचा, काका कालेलकरांचा आयोगही तिथेच निघतो. दोहोंना वेगळे करणारी खूण म्हणजे साल : पहिल्याचा अहवाल १९५५ चा, दुसऱ्याचा १९८० चा. फाजल अली म्हणजे राज्य पुनर्रचना आयोग, १९५५. बेळगाव-कारवारच्या वादात ज्याचे नाव अजून निघते तो महाजन आयोग म्हणजे महाराष्ट्र-म्हैसूर-केरळ सीमाविवाद आयोग. त्याची नेमणूक १९६६ ची आणि अहवाल १९६७ चा. तेव्हा कर्नाटकाचे नाव म्हैसूर होते, म्हणून शीर्षात कर्नाटक शोधून चालणार नाही. रौलट अहवाल ‘राजद्रोह समिती, १९१८’ म्हणून नोंदलेला आहे. मंत्रालयांची नावेही सारखी बदलतात. शिक्षण मंत्रालय १९८५ साली मनुष्यबळ विकास मंत्रालय झाले आणि २०२० साली पुन्हा शिक्षण मंत्रालय. एकाच वार्षिक अहवालाची सलग मालिका अशा वेळी तालिकेत निरनिराळ्या ठिकाणी विखुरते. जाणता वाचक आधी त्या वर्षी खात्याचे नाव काय होते ते पाहतो आणि मग शोध घेतो.

जनगणनेचे खंड हा या सगळ्याचा कसोटीचा नमुना आहे. मुंबई इलाख्याचा अहवाल १९०१ साली नवव्या खंडात, १९११ साली सातव्यात, १९२१ आणि १९३१ साली आठव्यात आहे. स्वतंत्र महाराष्ट्राचा १९६१ चा खंड दहावा. १९७१ ला ‘खंड’ जाऊन ‘मालिका’ आली आणि महाराष्ट्र अकरावी मालिका झाला. प्रत्येक खंडाचे पुन्हा भाग : एकात अहवाल, दुसऱ्यात कोष्टके, पुढच्यांत आणखी काही. स्वातंत्र्यापूर्वीचे आकडे हवे असतील तर आजच्या महाराष्ट्राचा नकाशा विसरावा लागतो. कोकण, देश आणि खानदेश मुंबई इलाख्याच्या खंडात, नागपूर आणि वऱ्हाड मध्यप्रांत-वऱ्हाडच्या खंडात, मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या खंडात. जातवार आकड्यांसाठी १९३१ ची जनगणना आजही उघडली जाते, कारण त्यानंतर सर्व जातींची तशी छापील कोष्टके निघाली नाहीत. एखाद्या जातीची संपूर्ण मराठी मुलखातली संख्या काढायची तर निदान तीन खंड टेबलावर हवेत. त्यांतली वर्गवारी आणि इंग्रजी लेखन तंतोतंत जुळेल याची खात्री नाही. नुसती बेरीज करून टाकणाऱ्याचे आकडे चुकतात, आणि असे चुकलेले आकडे छापून आलेलेही आहेत.

भारताचे राजपत्र हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि त्यावर वेळ घालवणे फायद्याचे ठरते. राजपत्राचे भाग आणि त्यांचे विभाग ठरलेले आहेत. पहिल्या भागात मंत्रालयांचे ठराव, कायद्याचे बळ नसलेले नियम आणि नेमणुका येतात. दुसऱ्या भागाच्या पहिल्या विभागात अधिनियम आणि अध्यादेश, दुसऱ्यात विधेयके आणि त्यांवरील समित्यांचे अहवाल, तिसऱ्यात कायद्याखालचे नियम आणि आदेश. नियमांना ‘सा.का.नि.’ आणि आदेशांना ‘का.आ.’ असे क्रमांक पडतात. इंग्रजी प्रतीत तेच ‘जी.एस.आर.’ आणि ‘एस.ओ.’ म्हणून येतात. तिसऱ्या भागात उच्च न्यायालये, लोकसेवा आयोग, पेटंट कार्यालय आणि वैधानिक संस्थांच्या सूचना. चौथा भाग खाजगी जाहिरातींचा. साप्ताहिक अंकांखेरीज ‘असाधारण’ अंक निघतात, त्यांचे क्रमांक वेगळे असतात आणि तातडीच्या बहुतेक अधिसूचना त्यांतच सापडतात. नवख्या वाचकाने साप्ताहिक अंकांचे गठ्ठे उपसावे आणि हवा तो कागद असाधारण अंकांच्या बांधणीत पडून असावा, हे नेहमीचेच.

मुंबई पुनर्रचना अधिनियम घेतला की ही रचना हातात येते. तो १९६० चा अकरावा अधिनियम. राष्ट्रपतींची संमती २५ एप्रिल १९६० ची आणि ‘नियत दिवस’ म्हणून १ मे १९६० ही तारीख कायद्यातच दिलेली. कायद्याचा मजकूर दुसऱ्या भागाच्या पहिल्या विभागात मिळेल. विधेयकाचे मूळ रूप, म्हणजे दुरुस्त्यांआधी सरकारला काय हवे होते ते, दुसऱ्या विभागात. त्यावर कोण काय बोलले ते लोकसभा आणि राज्यसभा यांच्या चर्चांच्या खंडांत. मालमत्ता, नोकरवर्ग, देणी यांच्या वाटणीचे नंतरचे आदेश तिसऱ्या विभागात. कायदा पुस्तकाच्या दुकानातही मिळतो; तो कसा घडला आणि कसा अमलात आला हे या चार जागा एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही. अलीकडचा दाखला मराठीच्या अभिजात दर्जाचा. केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ चा आणि वृत्तपत्रांत आली ती त्याची बातमी. संदर्भ द्यायचा तो मात्र त्यानंतरच्या अधिसूचनेचा द्यावा. मंत्रिमंडळाचे प्रसिद्धिपत्रक हा राजपत्राचा पर्याय नव्हे.

कायदेमंडळाची इतिवृत्ते मराठी अभ्यासकांकडून विनाकारण उपेक्षित राहिली आहेत. गोपाळ कृष्ण गोखले यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण २६ मार्च १९०२ ला कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात झाले. ते त्यांच्या भाषणसंग्रहात आहेच. पण संग्रहात गोखले एकटेच बोलतात. सरकारी इतिवृत्तात त्यांच्या आधीचे आणि नंतरचे सदस्य असतात, अर्थसदस्यांचे उत्तर असते आणि ज्या आकड्यांवर गोखल्यांनी बोट ठेवले ते वित्तविवरणही जवळच सापडते. प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवून वाचल्यावर गोखल्यांच्या संयत इंग्रजीची धार किती होती ते उमगते. संसदेच्या आजच्या चर्चांतही तारांकित आणि अतारांकित प्रश्नांची उत्तरे हा आकड्यांचा मोठा साठा आहे. जिल्हावार माहिती कित्येकदा दुसऱ्या कुठल्याच प्रकाशनात नसते, ती एखाद्या खासदाराच्या प्रश्नाच्या जोडपत्रात असते.

आयोगाचा अहवाल हाती आल्यावर तो कुठून वाचावा यालाही महत्त्व आहे. मुख्य अहवाल सर्वांत आधी उघडला जातो आणि बहुधा तोच सर्वांत नीरस असतो. माल असतो साक्षीपुराव्यांत, परिशिष्टांत आणि भिन्नमतपत्रिकांत. १९२६ साली नेमलेल्या शेती आयोगाने मुंबई इलाख्यात घेतलेल्या साक्षींचा स्वतंत्र खंड आहे. शेतीवरचे कर्ज, पाटबंधारे, जमिनीचे तुकडे यांबद्दल अधिकारी आणि जाणकार आपापल्या तोंडाने काय सांगत होते ते त्यात आहे, शिफारशींत ते अर्ध्या वाक्यात उरकले जाते. कालेलकर आयोगाचा अहवाल तर पहिल्या पानांपासूनच वाचला पाहिजे. अध्यक्षांनी राष्ट्रपतींना लिहिलेल्या सादरीकरणाच्या पत्रात आपल्याच आयोगाच्या जातीवर आधारलेल्या निकषाविषयी शंका घेतली आहे आणि सदस्यांच्या भिन्नमतपत्रिकांना एक आख्खा खंड लागला आहे. ‘आयोगाने शिफारस केली’ एवढेच लिहिणारा लेखक हे खंड उघडल्याशिवाय लिहितो आहे हे लगेच ओळखू येते.

सरकारी छाप असला म्हणजे मजकूर निःपक्षपाती झाला असे नव्हे. रौलट समितीच्या अहवालाचे पहिले प्रकरण मुंबई इलाख्यावर आहे. चाफेकर बंधू, टिळकांचे लेखन, चित्पावन ब्राह्मण हे त्याचे विषय. समितीचे काम बंद दाराआड चालले. हंटर आयोगाच्या बाबतीत साक्षी छापल्या गेल्या, त्यामुळे निष्कर्ष पुराव्याशी ताडून पाहता येतो. रौलटच्या वाचकाला ती सोय नाही. हा अहवाल राज्यकर्त्यांना काय वाटत होते याचा उत्तम पुरावा आहे आणि पुण्यात काय घडले याचा कच्चा. कोणता सरकारी ग्रंथ कशाचा पुरावा म्हणून वापरायचा, याचा विचार प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो.

प्रत्यक्ष ग्रंथालयातला व्यवहार साधा आहे, पण त्याला नेमकेपणा लागतो. पुस्तके भांडारात असतात, वाचकाने मागणीची चिठ्ठी भरायची आणि ग्रंथ टेबलावर येतो. भारतीय सरकारी प्रकाशनांचा विभाग वेगळा आहे, मराठी विभागात ही प्रकाशने नसतात. चिठ्ठीवर शीर्ष, अहवालाचे नाव, साल, खंड आणि भाग हे पाचही हवेत. ‘जनगणना १९३१, मुंबई’ एवढेच लिहिले तर अहवालाऐवजी कोष्टकांचा भाग येऊन पडतो आणि दिवसाचा बराच वेळ वाया जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तपकिरी पडलेला आणि कडांना मोडणारा असतो. तो दोन्ही हातांनी उलटावा, बोट ओले करून कधीही नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात छापखान्याची ओळ असते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘एम.जी.आय.पी.सी.’ ही अक्षरे म्हणजे कलकत्त्याच्या भारत सरकार मुद्रणालयाची खूण. पुढे कामाचा क्रमांक, बहुधा छपाईची तारीख आणि छापलेल्या प्रतींची संख्या. एखादा अहवाल दोनशे प्रतींचा होता की दोन हजारांचा, हे त्या ओळीवरून समजते, आणि तो किती जणांनी वाचला असेल याचा अंदाजही.

प्रकाशकांच्या दोन नावांची गल्लत टाळावी. राजपत्र आणि खात्यांची प्रकाशने विकणारे प्रकाशन नियंत्रकांचे कार्यालय नगरविकासाच्या मंत्रालयाखाली येते. ‘योजना’ मासिक आणि महात्मा गांधींचे समग्र वाङ्मय काढणारा प्रकाशन विभाग माहिती व प्रसारण मंत्रालयाचा. एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या सूचीत नसते. बेल्व्हेडियरच्याच आवारातल्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयाकडून निघणारी भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची १९५८ पासूनची. पूर्वी तिच्यात सरकारी प्रकाशनांचा भाग वेगळा असे, त्यामुळे त्या काळातल्या एखाद्या प्रकाशनाचे नेमके नाव ठरवायला ती सर्वांत हाताशी आहे. तिच्यात मराठी नावेही रोमन लिपीत दिलेली असतात, तेव्हा शोधताना सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

सगळेच बेल्व्हेडियरमध्ये शोधावे असे नाही. परदेश व्यापाराच्या आकड्यांसाठी ते आकडे काढणारे वाणिज्य माहिती व सांख्यिकी महासंचालनालय कोलकात्यातच आहे आणि त्याला स्वतःचे ग्रंथालय आहे. दख्खनच्या खडकांवरच्या जुन्या टिपणांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ग्रंथालय गाठावे. त्यांची ‘रेकॉर्ड्स’ मालिका १८६८ पासूनची. महाराष्ट्रातल्या वाचकाने तर कोलकात्याचे तिकीट काढण्याआधी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय पाहावे. भारत सेवक समाजाच्या संग्रहातून वाढलेल्या या ग्रंथालयात ब्रिटिश काळातले आयोग, जनगणना आणि अंदाजपत्रके मोठ्या प्रमाणात आहेत, त्यांतली पुष्कळशी संगणकावरही वाचता येतात. जनगणनेचे जुने खंड, संसदेच्या चर्चा आणि कायदे यांचीही सरकारी संकेतस्थळे आहेत. मात्र जुन्या खंडांच्या प्रतिमांत कित्येकदा घडीची कोष्टके आणि नकाशे न उघडताच पान घेतलेले असते. तक्ता हवा असेल तर मूळ प्रत पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

नव्या प्रकाशनांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक बिकट आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून भारताचे राजपत्र कागदावर छापले जात नाही, ते फक्त संकेतस्थळावर निघते. अनेक मंत्रालयांचे अहवालही आता असेच निघतात. १९५४ चा कायदा छापील ग्रंथांसाठी लिहिलेला आहे. संकेतस्थळावरचा अहवाल कोणत्याही ग्रंथालयात आपोआप पोचत नाही आणि संकेतस्थळाची मांडणी बदलली की त्याचा पत्ता हरवतो. म्हणून अशा अहवालाची प्रत उतरवून घ्यावी आणि त्यावर मंत्रालयाचे त्या दिवशीचे नाव, अहवालाचे पूर्ण शीर्षक, साल आणि उतरवल्याची तारीख लिहून ठेवावी. राजपत्र असेल तर भाग, विभाग, अंकाचा क्रमांक आणि दिनांकही टिपावा.